निवड समितीने निवड करावी

जानेवारी २०२५ मध्ये सिडनीच्या कसोटी सामन्यासाठी भारतीय संघ मैदानात उतरला, तेव्हा त्याचा कर्णधार त्यात नव्हता. रोहित शर्मा यांनी त्या मालिकेतील तीन कसोट्यांत मिळून अवघ्या ३१ धावा केल्या होत्या, आणि पाचव्या कसोटीच्या वेळी ते आपण होऊन बाजूला झाले. स्वतःला वगळणारा कर्णधार म्हणून त्यांची वाहवा झाली. ती अयोग्य होती असे आम्ही म्हणणार नाही. पुढे ७ मे रोजी त्यांनी कसोटी क्रिकेटचा निरोप घेतला व पाच दिवसांनी विराट कोहली यांनीही तोच मार्ग धरला. ज्याचे त्याने ठरविले, ज्याचे त्याने जाहीर केले आणि आपण सर्वांनी टाळ्या वाजविल्या. त्या टाळ्यांच्या गजरात एक साधा प्रश्न मात्र बुडून गेला. अमुक खेळाडू संघात असावा की नसावा हे ठरविण्यासाठीच ज्यांची नेमणूक झालेली असते, ती मंडळी या जाहीर कथेत कोठेच कशी दिसत नाहीत?

थोर खेळाडूचा पडता काळ लांबत चालला तर त्याला संघातून वगळावे काय, हा प्रश्न आपल्याकडे दर आठ-दहा वर्षांनी नव्याने उभा राहतो आणि दर वेळी तो पहिल्यांदाच पडल्यासारखे आपण गोंधळून जातो. आमचे उत्तर आम्ही आरंभीच सांगून टाकतो. वगळावे, आणि ते काम त्या खेळाडूवर सोपवू नये. हे उत्तर उद्धट वाटण्याचा संभव आहे. म्हणून ज्या प्रकरणातील राग-लोभ आता निवाला आहे, ज्याचे सर्व आकडे समोर आहेत आणि ज्या नावाविषयी मराठी घरात वाकडा शब्द काढणे सर्वांत अवघड आहे, तेच प्रकरण आम्ही तपासावयास घेतो. ते म्हणजे सचिन तेंडुलकर यांच्या कसोटी कारकिर्दीची अखेरची पावणेतीन वर्षे.

त्यांच्या थोरवीबद्दल येथे वाद नाही. १५ नोव्हेंबर १९८९ रोजी कराचीत सोळा वर्षांचा पोर म्हणून ते उतरले, आणि १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे मैदानावर परतले तेव्हा त्यांच्या नावावर २०० कसोटी सामने, १५,९२१ धावा आणि ५१ शतके होती. सीमेवरच्या गावांत, इंदुरात, बडोद्यात, हैदराबादेत, जेथे जेथे मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहिली तेथे तेथे हा माणूस घरातलाच मानला गेला. ग्वाल्हेरच्या मैदानावर २४ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांनी एकदिवसीय सामन्यात २०० धावा केल्या, तेव्हा पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये तोवर कोणालाही न साधलेली ही गोष्ट आपल्या शहरात घडली याचा अभिमान तेथील मराठी माणसाने आजवर जपला आहे. त्याच २०१० साली त्यांनी कसोटीत सात शतके ठोकली. जानेवारी २०११ मध्ये केपटाउन येथे डेल स्टेनच्या भेदक माऱ्यापुढे १४६ धावांची जी खेळी त्यांनी केली, ती त्यांच्या एकावन्न कसोटी शतकांतील शेवटची ठरेल असे त्या दिवशी कोणी सांगितले असते, तर त्याला वेड्यात काढले गेले असते.

पण ती शेवटचीच ठरली. त्यानंतर ते तेवीस कसोटी सामने खेळले. केपटाउनपर्यंत १७७ सामन्यांत जवळपास सत्तावन्नची सरासरी राखणाऱ्या या फलंदाजाने त्या तेवीस सामन्यांत बत्तीसच्या सरासरीने १,२२९ धावा केल्या आणि शतक एकही नाही. आकड्यांचा हा हिशेब रुक्ष आहे खरा. पण उतरण किती लांबलचक होती हे त्यावाचून ध्यानात येत नाही. २०११ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये आपण चारही कसोट्या गमावल्या, त्याच वर्षअखेरीस ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या मालिकेतही चारही गमावल्या. या पराभवांचे खापर एकट्या तेंडुलकरांच्या माथी फोडणे हा अन्याय होईल. ओव्हलला त्यांनी ९१, मेलबर्नला ७३ आणि सिडनीला ८० धावा काढल्या होत्या, आणि इतर कित्येकांची अवस्था त्यांच्याहून वाईट होती. खरा इशारा मिळाला तो घरी. २०१२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात न्यूझीलंडविरुद्ध हैदराबाद व बंगळूर येथे ते तीन डावांत तिन्ही वेळा त्रिफळाचीत झाले. धावा १९, १७ आणि २७. ज्याच्या बॅट-पॅडमधून वाऱ्यालाही वाट नव्हती, त्याच्या यष्ट्या एकसारख्या पडू लागल्या. पाठोपाठ इंग्लंडचा संघ आला. अहमदाबादेस १३, वानखेडेवर दोन्ही डावांत ८ आणि दोन्ही वेळा बळी माँटी पानेसरचा, कोलकात्यात ७६ व ५, नागपुरास २. इंग्लंडने ती मालिका जिंकली. मायदेशी इंग्लंडकडून मालिका गमावण्याचा प्रसंग आपल्यावर अठ्ठावीस वर्षांनी आला होता.

या काळात देश कशाची चर्चा करीत होता? शंभराव्या शतकाची. मार्च २०११ मध्ये नागपूरला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नव्याण्णवावे झाले, आणि शंभरावे यावयास १६ मार्च २०१२ उजाडला. मिरपूरला बांगलादेशाविरुद्ध त्यांनी ११४ धावा केल्या, शतकांचे शतक पुरे झाले, पेढे वाटले गेले. त्या सामन्यात भारत हरला, हे आज किती जणांना आठवते? शतकांचा आकडा मोठा झाला आणि सामन्याचा निकाल ही किरकोळ बाब ठरली. कसोटी आणि एकदिवसीय क्रिकेटमधील शतकांची बेरीज करण्याची प्रथा मुळात कोणी सुरू केली हा संशोधनाचाच विषय आहे. तांदूळ आणि गूळ एकत्र मोजून त्याचा भाव काढावा तशातली ही गणना. पण एकदा ती रूढ झाली आणि तिने वर्षभर एका खेळाडूला, त्याच्या संघाला आणि त्याच्या निवडकर्त्यांना वेठीस धरले. पुढे शंभराव्या शतकाची जागा दोनशेव्या कसोटीने घेतली. २०१३ च्या नोव्हेंबरात वेस्ट इंडिजच्या संघाला दोन कसोट्यांसाठी बोलाविण्यात आले आणि दक्षिण आफ्रिकेचा दौरा दोन कसोट्यांवर आला. दोन देशांच्या मंडळांचे भांडण त्यामागे होते हे खरे. परंतु परदेशातील एक खडतर कसोटी गेली आणि घरचा एक सोहळा पदरात पडला, हेही तितकेच खरे.

येथे कोणी म्हणेल, की वयाचा एवढा बाऊ का? आम्ही वयाचा मुळीच बाऊ करीत नाही. महाराष्ट्राच्या क्रिकेटचे भीष्माचार्य प्रा. दि. ब. देवधर यांनी १९४०-४१ च्या हंगामात बलाढ्य मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या, तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते. आणि पन्नाशी ओलांडल्यावर १९४४ साली नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात त्यांनी दोन शतके झळकाविली. इंदूरकरांनी ज्यांच्या नेतृत्वाखाली होळकर संघाचे वैभव पाहिले, ते कर्नल सी. के. नायडू तर एकसष्टाव्या वर्षी उत्तर प्रदेशाकडून रणजी सामने खेळले. विजय मर्चंट यांनी आपल्या अखेरच्या कसोटीत, १९५१ साली दिल्लीस, १५४ धावा केल्या, वय चाळीस. धावा होत असतील तर जन्मपत्रिका पाहण्याचे कारण नाही. परंतु धावा होत नसतील तर जुने चोपडे उघडून दाखविण्याचेही कारण नाही. आजच्या संघातील जागा ही आजच्या कामाची मजुरी आहे. केल्या कामाचे निवृत्तिवेतन द्यावयाचे तर त्याला पुष्कळ मार्ग आहेत, आणि तेंडुलकरांच्या बाबतीत देशाने ते सढळ हाताने दिलेही. ज्या दिवशी ते शेवटचे मैदानाबाहेर पडले, त्याच दिवशी त्यांना भारतरत्न जाहीर झाले.

तरीही मन मानत नाही, हे आम्ही जाणतो. या मनाची एक जुनी खूण मराठी माणसापाशी आहे. बालगंधर्व उतारवयात स्त्रीभूमिका करीत राहिले. आवाज थकला, देह जड झाला, पण ऐन भरातले गंधर्व ज्यांनी पाहिले होते, ते लोक तिकिटे काढून जात राहिले. आणि त्या थकल्या गळ्यातून मधूनच एखादी अशी जागा निघे, की सारा खटाटोप सार्थकी लागल्यासारखे वाटे. घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी हे किस्से डोळ्यांत पाणी आणून सांगितले आहेत. तेंडुलकरांचे कोलकात्यातील ७६, चेन्नईतील ८१ आणि वानखेडेवरचे शेवटचे ७४ ही अशीच उजळून गेलेली जागा होती. सरळ बॅटीने मारलेला तो एक फटका पाहिला, की बत्तीसची सरासरी विसरावी असे कोणालाही वाटावे. मग गंधर्वांना जे प्रेम आपण दिले, ते तेंडुलकरांना का देऊ नये?

नाटक आणि संघ यांत एक भेद आहे म्हणून. नाटकात थकलेल्या नटाची किंमत मोजतो तो प्रेक्षक. तो आपखुशीने मोजतो, आणि नको असेल तर घरी बसतो. संघात ती किंमत इतर दहा जण मोजतात, आणि बाराव्या-तेराव्या जागेवर पॅड बांधून बसलेला एक तरुण मोजतो. त्याला कोणी विचारीत नाही. तो बोलूही शकत नाही. बोलला तर कृतघ्न ठरतो.

या बाहेर बसलेल्यांविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण थोरांच्या निरोपसमारंभात त्यांना खुर्ची नसते. मुंबईचे पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये ५८९ बळी मिळविले आणि भारतासाठी एकही कसोटी ते खेळले नाहीत, कारण त्यांच्या काळात डावखुऱ्या फिरकीची जागा बिशनसिंग बेदी यांच्याकडे होती. अमोल मुजुमदार यांची कहाणी तर प्रत्येक मराठी क्रिकेटप्रेमीला ठाऊक आहे. शालेय सामन्यात तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची भागी रचली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा हा. पुढे रणजी पदार्पणातच २६० धावा, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा, आणि भारताची टोपी कधीच नाही. (ते ज्या भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक होते, त्या संघाने २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला, तेव्हा कित्येकांना वाटले की देवाच्या घरी हिशेब असतो. असो.) शिवलकर किंवा मुजुमदार यांच्यावर अन्याय झाला असे आपण हळहळून म्हणतो, पण नीट पाहिले तर ते दुर्दैव होते, अन्याय नव्हता. बेदी भरात होते. मुजुमदार यांच्यापुढे द्रविड, तेंडुलकर, लक्ष्मण आणि गांगुली ही भिंत उभी होती, आणि ती धावा करीत होती. भरात असलेल्या थोर खेळाडूमागे रखडणे हे नशीब; उतरणीला लागलेल्या थोर खेळाडूमागे रखडणे हा अन्याय. या दोहोंत अंतर आहे, आणि ते ओळखणे हेच निवड समितीचे काम.

अजिंक्य रहाणे यांचे उदाहरण घ्या. २०११ च्या अखेरीस ते कसोटी संघात दाखल झाले आणि पहिला सामना खेळावयास मिळाला तो २०१३ च्या मार्चमध्ये दिल्लीस, तोही शिखर धवन जायबंदी झाले म्हणून. सव्वा वर्षाहून अधिक काळ हा फलंदाज पाण्याच्या बाटल्या वाहत होता. हे सर्वस्वी तेंडुलकरांमुळे झाले असे म्हणता येणार नाही. मधल्या फळीत इतर जागा रिकाम्या झाल्या, त्या कोहली व पुजारा यांनी मिळविल्या, आणि कधी रैना, कधी युवराज, कधी जडेजा यांना रहाणेंच्या आधी संधी मिळाली. पण चौथ्या क्रमांकाच्या जागेचा विचारच करावयाचा नाही असे एकदा ठरले, की उरलेल्या जागांसाठीची रांग आपोआप लांबते. तेंडुलकर निवृत्त झाले त्यास जेमतेम महिना उलटला होता, तोच डिसेंबर २०१३ मध्ये जोहान्सबर्गला कोहली यांनी त्याच चौथ्या क्रमांकावर ११९ आणि ९६ धावा केल्या. पुढल्या डर्बनच्या कसोटीत रहाणे यांनी नाबाद ५१ आणि ९६ धावा काढल्या. जागा ओस पडेल म्हणून जे घाबरले होते, त्यांना उत्तर मिळावयास फार काळ लागला नाही.

दोन दशकांपूर्वी हेच नाट्य गोलंदाजीत घडले होते. ८ फेब्रुवारी १९९४ रोजी अहमदाबादेस कपिल देव यांनी ४३२ वा बळी घेऊन रिचर्ड हॅडली यांचा विक्रम मोडला, तेव्हा सारा देश उभा राहिला. मात्र म्हैसूरचा जवागल श्रीनाथ नावाचा एक वेगवान गोलंदाज १९९१ साली ब्रिस्बेनला कसोटीत उतरूनही १९९४ च्या नोव्हेंबरपर्यंत मायदेशी एकही कसोटी खेळला नव्हता. फिरकीला पोषक खेळपट्ट्या हे त्याचे एक कारण होते. दुसरे कारण ४३२ हा आकडा. वेगवान गोलंदाजाच्या आयुष्यातील ऐन उमेदीची ही वर्षे. ती परत मिळत नाहीत.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. तेंडुलकरांनी स्वतः का ओळखले नाही, असा प्रश्न पुष्कळांनी केला. आमच्या मते हा प्रश्नच अन्यायाचा आहे. या माणसाचे आयुष्य आठवावे. सिडनीत २००४ साली ऑफच्या बाहेरील चेंडूवर बळी जातो असे दिसताच त्याने कव्हर ड्राइव्ह हा फटकाच बाजूला ठेवला आणि नाबाद २४१ धावा केल्या. कोपराच्या दुखण्याने तो बेजार झाला. मार्च २००६ मध्ये त्याच्या स्वतःच्या वानखेडेवर प्रेक्षकांनी त्याची हुर्यो केली. २००७ मध्ये मोठमोठ्या जाणकारांनी त्याला निवृत्तीचा सल्ला दिला. आणि या सर्वांना खोटे ठरवून त्याने ग्वाल्हेरचे द्विशतक आणि २०१० ची सात शतके काढली. अशा माणसाने २०१२ साली ‘तुझे संपले’ हे बोल का म्हणून खरे मानावेत? लोक असे म्हणतात आणि आपण खेळत राहिलो की ते तोंडघशी पडतात, हाच तर त्याचा अनुभव. ज्या जिद्दीने तो थोर झाला, तीच जिद्द त्याला थांबू देत नव्हती. आपल्या खटल्याचा न्यायाधीश आपणच व्हावे हे आपण कोर्टकचेरीत कोणाला करू देत नाही. मग मैदानावरच्या सर्वांत हट्टी माणसाकडून ती अपेक्षा आपण कोणत्या न्यायाने करतो?

गावसकर यांना ते साधले, हे खरे. मार्च १९८७ मध्ये बंगळूरच्या फिरत्या खेळपट्टीवर पाकिस्तानविरुद्ध ९६ धावांची अजोड खेळी करून ते कसोटीच्या मैदानातून बाहेर पडले. पण हा अपवाद आहे, आणि अपवादावर संस्था चालत नाहीत.

संस्थेने काय केले ते आता पाहू. निवड समितीचे तत्कालीन अध्यक्ष संदीप पाटील यांनी पद सोडल्यावर, २०१६ साली, सांगितले की १२ डिसेंबर २०१२ रोजी समितीने तेंडुलकरांची भेट घेऊन पुढचा विचार विचारला होता. निवृत्तीचा विचार नाही असे त्यांचे उत्तर आले. समितीचे मात्र त्यांच्याविषयी एकमत झाले होते आणि ते मंडळाला कळविण्यातही आले होते. थोड्याच दिवसांत, २३ डिसेंबर रोजी, तेंडुलकरांनी एकदिवसीय क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली. ती त्यांनी केली नसती तर आम्ही त्यांना वगळले असते, असे पाटील म्हणाले. पाटील यांचा हा खुलासा आम्ही खरा मानतो, आणि ज्याच्यासोबत मुंबईच्या मैदानांवर वावरले त्या माणसाला समोर बसवून हा प्रश्न विचारणे सोपे नव्हते हेही मानतो. पण मग कसोटीचे काय? घसरण तर कसोटीतच दिसत होती. ती त्यानंतर आणखी अकरा महिने चालू राहिली. जो निर्णय मनात झाला होता तो चार वर्षे जनतेपासून दडून राहिला, आणि जाहीर कथा एवढीच उरली की तेंडुलकर आपल्या मर्जीने खेळले व आपल्या मर्जीने थांबले. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. येथे भीड निवड समितीची होती आणि झोळी दुसऱ्याच्या खांद्यावर आली.

समितीचे हात सर्वस्वी मोकळे नव्हते, हे तिच्या बाजूने सांगितले पाहिजे. संघाला मंडळाच्या अध्यक्षाची मान्यता लागे असा तेव्हाचा नियम होता. २०१२ च्या आरंभी कर्णधार बदलण्याचे समितीने ठरविले असता अध्यक्षांनी ते फिरविले, असे त्या समितीतले मोहिंदर अमरनाथ यांनी उघड सांगितले होते. निर्णय घेणाऱ्याला तो अमलात आणण्याचा अधिकार नसेल, तर त्याच्या खुर्चीला पाय आहेत पण पाठ नाही.

पाठ असलेली माणसे आपल्याकडे होऊन गेली आहेत. १९७१ च्या आरंभी वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी पतौडीचे नवाब यांच्याऐवजी अजित वाडेकर यांना कर्णधार नेमताना विजय मर्चंट यांनी आपले निर्णायक मत वापरले. पतौडींचा दरारा, लोकप्रियता, घराणे हे सारे दुसऱ्या पारड्यात होते. वाडेकरांच्या संघाने त्याच वर्षी वेस्ट इंडिजमध्ये आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकल्या. समजा तो संघ हरला असता. तरीही मर्चंट यांनी आपले काम केले असेच आम्ही म्हटले असते. खेळाडूने लोक ‘इतक्यात का?’ असे विचारतात तोवर थांबावे, असा उपदेश मर्चंट यांच्या नावे नेहमी सांगितला जातो. त्यांची ही दुसरी शिकवण, म्हणजे निवडणाऱ्याने मत द्यावे आणि त्याची जबाबदारी घ्यावी, ही मात्र क्वचितच कोणी सांगतो.

लोकमताचा हवाला देणाऱ्यांनी याच कथेचा उत्तरार्धही वाचावा. १९७१ च्या विजयाची आठवण म्हणून इंदूरला एक भलीमोठी बॅट उभारण्यात आली होती. तीन वर्षांनी, १९७४ साली, वाडेकरांचा संघ इंग्लंडमध्ये तिन्ही कसोट्या हरला, तेव्हा त्याच बॅटीला काळे फासण्यात आले. वाडेकर त्यानंतर भारतासाठी पुन्हा कसोटी खेळले नाहीत. जे हात हार घालतात तेच डांबर फासतात, आणि दोन्ही वेळा ते घाईत असतात. अशा लोकमतापुढे मान तुकवून संघ निवडावयाचा असेल, तर समितीची गरज काय? मतपेट्या ठेवल्या तरी भागेल.

ऑस्ट्रेलियाची रीत निराळी. १९९९ साली यष्टिरक्षक इयन हीली यांच्या नावावर तेव्हा जगात सर्वाधिक कसोटी बळी होते. ब्रिस्बेनच्या आपल्या घरच्या मैदानावर एक शेवटचा सामना मिळावा एवढीच त्यांची इच्छा होती. निवड समितीने ती नाकारली. त्याच सामन्यात अॅडम गिलख्रिस्ट प्रथम उतरले. स्थानिक प्रेक्षकांनी त्यांचे स्वागत थंडपणेच केले. त्यांनी ८१ धावा केल्या, आणि पुढल्याच कसोटीत होबार्टला नाबाद १४९ धावांनी ३६९ धावांचे लक्ष्य गाठून दिले. रिकी पाँटिंग यांनाही फेब्रुवारी २०१२ मध्ये एकदिवसीय संघातून असेच वगळण्यात आले, नावावर तेरा हजारांहून अधिक धावा असताना. हीलींना तो एक सामना द्यावयास हवा होता, इतपत मऊपणा आमच्या मनात आहे. पण एक सामना देणे वेगळे आणि तेवीस देणे वेगळे.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. २००६ साली, वानखेडेवर हुर्यो होत होती तेव्हाच, समितीने तेंडुलकरांना वगळले असते तर? ग्वाल्हेरचे द्विशतक झाले असते काय? समित्या चुकतात. लाल-पांढऱ्या चेंडूंतही फरक असतो: कसोटीतून निवृत्त झालेल्या रोहित शर्मा यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच सिडनीत एकदिवसीय सामन्यात नाबाद १२१ धावा केल्या. तेव्हा कोणाचे संपले हे छातीठोकपणे सांगणे कठीण, हे आम्हांस मान्य आहे. परंतु दोन्ही बाजूंच्या चुकांचे वजन सारखे नसते. वगळण्यात चूक झाली, तर ती धावा करून दुरुस्त करता येते. रणजीचे मैदान कोणी बंद केलेले नाही. ठेवण्यात चूक झाली, तर जो बाहेर बसला त्याला ती कशानेच दुरुस्त करता येत नाही. पतौडी कर्णधारपद गेल्यावरही वाडेकरांच्या हाताखाली पुन्हा खेळले. खुद्द रहाणे २०२२ च्या आरंभी संघाबाहेर गेले आणि जून २०२३ मध्ये ओव्हलवरच्या अंतिम सामन्यात परतून ८९ व ४६ धावा करते झाले.

वगळणे म्हणजे अपमान, ही समजूत ज्यांच्या मनात घट्ट बसली आहे, त्यांनी लक्ष्मण आणि गांगुली यांची अखेर शेजारी शेजारी ठेवून पाहावी. व्ही. व्ही. एस. लक्ष्मण यांना समितीने २०१२ च्या न्यूझीलंड मालिकेसाठी निवडले होते. पहिली कसोटी त्यांच्या हैदराबादेतच होती. पण ‘अजून किती दिवस’ हा प्रश्न हवेत लोंबकळत ठेवलेला. समिती बोलेना, मंडळ बोलेना. अखेर सामन्याला पाच दिवस उरले असता, १८ ऑगस्ट रोजी, त्यांनीच निवृत्ती जाहीर केली आणि घरच्या प्रेक्षकांसमोरचा शेवटचा सामना न खेळताच ते गेले. कोणी त्यांना वगळले नाही. त्यांचा मान राहिला काय?

सौरव गांगुली यांना मात्र वगळले गेले. २००५ च्या अखेरीस, बडोद्याचे किरण मोरे निवड समितीचे अध्यक्ष असताना, आणि परत २००६ च्या आरंभी. कोलकात्यात निदर्शने झाली, समितीला शिव्याशाप मिळाले. गांगुली स्थानिक सामने खेळत राहिले. दिलीप वेंगसरकर अध्यक्ष झाल्यावर त्यांना डिसेंबर २००६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत परत बोलावण्यात आले; जोहान्सबर्गला त्यांनी नाबाद ५१ धावा केल्या आणि त्या भूमीवरील पहिला कसोटी विजय भारताला मिळाला. २००७ या एका वर्षात त्यांनी कसोटीत हजारांहून अधिक धावा केल्या, त्यांत बंगळूरचे २३९. मग ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मालिकेआधीच ही आपली शेवटची मालिका असे सांगून ते उतरले आणि नोव्हेंबर २००८ मध्ये नागपूरला पहिल्या डावात ८५ धावा करून त्यांनी निरोप घेतला. तो सामना आणि मालिका भारताने जिंकली. विजय हाताशी आला तेव्हा महेंद्रसिंग धोनी यांनी शेवटच्या काही षटकांसाठी संघाचे नेतृत्व त्यांच्या स्वाधीन केले.